वरीलप्रमाणे

२ मे

इलोइलोहून सव्वानऊच्या होडीत बसले, साडेनऊला गिमारासच्या धक्क्यावर उतरले. समुद्र शांत होता. सामान तीनच वस्तूंचं: कपड्यांची बॅग, अवजारांची पेटी आणि ही वही.

धक्क्यावर मनांग पुरिंग, म्हणजे पुरिंगताई, छत्री घेऊन उभी होती. वृद्धाश्रमात माझ्या जोडीला हीच असणार. पन्नाशीची, बुटकी, हसली की सगळं अंग हलतं. माझी बॅग हिसकावून घेत म्हणाली, अगं बाई, एवढीशी काडी पाठवली, आता म्हाताऱ्यांना भरवू की हिला? ट्रायसिकल रिक्षा सुरू व्हायच्या आत तिने उकडलेल्या केळ्यांची पिशवी माझ्या मांडीवर टाकली होती. मला माणसांशी पटकन जमत नाही. हिच्याशी जमेल असं वाटलं.

आश्रम टेकडीवर आहे. एकच लांब दालन, एका ओळीत आठ खाटा, समोर समुद्राकडे उघडणाऱ्या खिडक्या. मागच्या आवारात आंब्याची झाडं, पाड उतरवणं चालू होतं. मला आवडलं ते हे की दालनात वास नाही. शिकत असताना अशा चार जागा पाहिल्या, चारही ठिकाणी दारातच वास यायचा. कचेरीच्या भिंतीवर प्रांताच्या कार्यालयाने दिलेलं प्रशस्तिपत्र काचेत लावलंय: अकरा वर्षांत एकही तक्रार नाही. प्रमुख मॅम तेसिंग. वर्षभर इथे काम केलं की त्या अनुभवाच्या दाखल्यावर सही करतील. मग जपान.

आल्या आल्या आठही जणांचे हात माझ्या कपाळाला लावले. घरात वडीलधारी माणसं असली की पहिलं काम ते. पहिल्या खाटेवरच्या आजी, लोला बेबांग, डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होत्या. त्यांचा हात जरा विचित्र वाटला, म्हणून लिहून ठेवते. माणसाचा हात गरम लागतो नाहीतर गार लागतो. हा काहीच लागला नाही. भिंतीला कपाळ टेकावं तसं.

खोलीत पंखा आहे, चालतो. झोप चांगली लागेल.

३ मे

माझी एक सवय इथेही चालू ठेवणार आहे. दोन वर्षं दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायला शिकले, म्हाताऱ्यांच्या सेवेचा सहा महिन्यांचा वर्ग त्यानंतर केला. त्यामुळे कोणत्याही यंत्रावर माझा आधी विश्वास नसतो. रोज सकाळी रक्तदाबाचं यंत्र पहिल्यांदा माझ्या दंडाला लावायचं, नाडी घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजायची. माझी नाडी ५८ असते. शाळेत असताना पोहायचे, तेव्हापासून तेवढीच. आज दोन्हीकडे ५८. यंत्र ठीक.

कामाची वाटणी अशी: भरवणं, पुसणं, कुशी बदलणं दोघींनी करायचं, पण रजिस्टर मनांगचं, कारण ती जुनी. दिवसाला एक पान. आठ खाटांच्या आठ ओळी. सहा, दहा, दोन आणि सहा अशा चार वेळांना नाडी, श्वास, ताप आणि शेवटचा रकाना तक्रारीचा.

सहा खाटांवरची माणसं बोलत नाहीत. वयामुळे असेल. बोलणारी दोनच. सातव्या खाटेवरचे आजोबा, लोलो इस्को, माझ्या एकच दिवस आधी आलेले, जन्मभर होडी चालवली. मला बघताच म्हणाले, इंदय, पोरी, लग्न करतेस का माझ्याशी, अजून तीन दात शिल्लक आहेत आणि तिन्ही पक्के आहेत. आठवीवर लोला सालुद, चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई. त्या म्हणाल्या, आधी त्याला विचार, आधीच्या दोन बायकांना काय सांगितलं होतं.

लोला सालुद स्वतःची ओळ स्वतः भरतात. रजिस्टर मागून घेतात, आकडा काय आला ते विचारतात आणि फळ्यावरच्या अक्षरात लिहितात. मनांग डोळे फिरवते, पण देते. आता त्यांचा हात फार कापतो. आजपासून त्यांची ओळ मी लिहायची, असं त्यांनी ठरवलं. विचारलं नाही. ठरवलं.

५ मे

मनांगविषयी जे पाहिलं ते जसं आहे तसं लिहिते.

सकाळी सहाला ती कॉफीचा कप घेऊन बसते आणि दिवसभराचं पान एका बैठकीत भरून टाकते. संध्याकाळच्या सहाचे आकडेसुद्धा सकाळीच. पहिल्या ओळीत लोला बेबांग: नाडी ७६, श्वास १८, ताप ३६.५, तक्रार नाही. त्याखाली दुसऱ्या ओळीपासून सातव्यापर्यंत प्रत्येक रकान्यात दोन छोट्या तिरप्या रेघा. वरीलप्रमाणे. यंत्राला हात लावत नाही. मग दिवसभर रेडिओवरच्या मालिका ऐकत बसते. पेज भरवायची तर दोन चमचे, तोंड मिटलं की पुढची खाट. कुशी बदलत नाही. मी आल्या दिवसाचं अंथरूण अजून तसंच.

मी विचारलं की न मोजता कसं लिहिता. ती खो खो हसली. म्हणाली, अगं इंदय, गुडघे बघ माझे, तीस वर्षं वाकतेय. मोजून काय आकडा वेगळा येणारे? तू शिकलेली आहेस, तू मोज हवं तर. आणि मला आंब्याची फोड दिली. तिच्यावर रागावणं अवघड आहे. स्वयंपाकी, माळी, मॅम, सगळ्यांची ती लाडकी.

मी मोजलं. एक ते सहा, प्रत्येकाचं पूर्ण मिनिट. ७६. ७६. ७६. ७६. ७६. ७६. श्वास १८, सहाही जणांचे. यंत्र माझ्या दंडाला लावलं, नाडी पुन्हा मोजली: ५८. यंत्र ठीक आहे.

आणखी एक. दिवसचे दिवस न हलवलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडाला जखम व्हायलाच हवी. मी सहाही जणांना कुशीवर करून पाहिलं. कातडी गुळगुळीत. कुठे लालीसुद्धा नाही.

लोलो इस्को: ८८. लोला सालुद: ८१. या दोघांच्या माकडहाडावर लाली आहे. ती मला बरी वाटली. असं वाटायला नको होतं.

८ मे

परवा दुपारी लोलो इस्को पाणी मागत होते. कंबर दुखते म्हणत होते. मी पाचव्या खाटेवरच्यांचं अंग पुसत होते, मनांग त्यांच्या उशाशीच बसली होती. त्यांनी चार वेळा हाक मारली, शेवटी म्हणाले, पुरिंग, अगं पंचवीस माणसांची होडी ओढत आणली मी वादळातून, तुला एक पेला उचलत नाही? ती म्हणाली, हो हो, आणते हं, मालिका संपू दे. मालिका संपली. दुसरी लागली. शेवटी मीच हात धुऊन पाणी दिलं. रजिस्टरमध्ये त्यांच्या तक्रारीच्या रकान्यात सकाळीच दोन रेघा होत्या.

काल ते लग्नाचं बोलले नाहीत. आज बोललेच नाहीत.

आज नाडी ७६, श्वास १८. माकडहाडावरची लाली गेली आहे.

१० मे

मॅम तेसिंगना भेटले. मुद्दे कागदावर लिहून नेले होते, नऊ मुद्दे, तारीखवार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, चेरिल, तू हुशार आहेस, पण पुरिंगने इथे आयुष्य घातलंय, तिच्याशी जरा जुळवून घे. इथे जो तो जुळवून घेतो, म्हणून चाललंय. मी म्हटलं, प्रश्न माझा नाही, रुग्णांचा आहे. त्या म्हणाल्या, मग रुग्णाची तक्रार आण. एकाची आण. मी आज कारवाई करते.

त्या माझ्याबरोबर सातव्या खाटेपर्यंत आल्या. मी लोलो इस्कोंना विचारलं, कंबर दुखते का, पाणी वेळेवर मिळतं का, हवं ते सांगा, मॅम उभ्या आहेत. त्यांनी डोळे छतावरून काढले नाहीत. तीन दिवसांत पहिल्यांदा ओठ हलले.

म्हणाले, तक्रार नाही.

आवाज त्यांचाच होता. पण रजिस्टर वाचून दाखवावं तसा.

मॅमनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

१३ मे

गुरुवार. डॉक्टर होडीने आले, पाऊण तास होते, त्यातली पस्तीस मिनिटं कचेरीत आंबे खात. रजिस्टर चाळलं. मी त्यांना म्हटलं, सात माणसांची नाडी एकच असते, सलग, हे शक्य आहे का. ते म्हणाले, ७६ उत्तम आकडा आहे, मला लिहून दिला तर मीही घेईन. मनांग इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

मी त्यांना एका तरी खाटेजवळ चला म्हटलं. परतीची होडी सुटेल म्हणाले. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, मुली, अकरा वर्षांत इथे कुणी मेलं नाही, तुला ठाऊक आहे?

मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं. आठ खाटा. सगळे ऐंशीच्या पुढचे.

१४ मे

दुपारी दोन. ऊन कडक, वारा पूर्ण पडलेला, वीज गेल्याने रेडिओ बंद. दालनात काहीच आवाज नव्हता आणि म्हणून तो ऐकू आला.

ते सातही जण एकत्र श्वास घेतात. एकदम आत, एकदम बाहेर. सात चादरी एकदम वर होतात. मी घड्याळ धरलं. मिनिटाला अठरा.

लोला सालुदनी मला बोटाने जवळ बोलावलं. म्हणाल्या, ऐकलंस ना आता? मी आले तेव्हा असे चार होते. वर्गात सगळी पोरं एका सुरात पाढे म्हणायची, तेव्हा मला कळायचं की एकाचंही लक्ष नाही. मग म्हणाल्या, त्या दोन रेघा माझ्या वर्गात बंद होत्या. जो काढायचा त्याला मी बाहेर उभं करायचे. त्या रेघा म्हणजे मी बघितलं नाही अशी कबुली असते.

त्यांची मुलगी नेलिया कुवेतला असते, एकोणतीस तारखेला दोन दिवसांसाठी येते आहे. आईला इथेच ठेवायचं की घरी न्यायचं हे ती ठरवणार. लोला म्हणाल्या, मी तिला सांगणारच आहे की मला ने. पण तोवर मी गप्प झाले असले तर तू सांगायचंस. घाबरून नाही सांगायचं, आकड्यांनिशी सांगायचं. कबूल?

मी कबूल म्हटलं. मी सहसा कुणाला शब्द देत नाही.

आज त्यांची नाडी ८४. तक्रार: डावा खुबा दुखतो, पेज अळणी आहे, रेडिओ मोठा आहे, लिहिणाऱ्या मुलीचं ८ नीट निघत नाही. सगळं सांगितलं तसं लिहिलं. रकाना पुरला नाही.

१७ मे

मनांग बाजारात गेली असताना जुनी रजिस्टरं काढली. कपाटात वर्षवार लावलेली आहेत. मागे मागे जात राहिले. रोज पहिल्या ओळीत लोला बेबांग, रोज ७६, १८, ३६.५, दिवसातून चार वेळा. खालची नावं वर्षागणिक एकेक करून वाढत जातात. आधी त्यांच्यापुढे खरे आकडे दिसतात, कुणाचे ९०, कुणाचे ६८, तक्रारी असतात, खोकला, डोकं, मुलाची आठवण. मग एका दिवशी दोन रेघा येतात. त्यानंतर कायम दोन रेघा. आकडा पुन्हा येत नाही.

अकरा वर्षांपूर्वीच्या रजिस्टरमध्ये चौदा मेच्या पानावर एक कार्ड ठेवलेलं होतं. माणूस गेल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थनेला वाटतात तसं, काळ्या किनारीचं. फोटो लोला बेबांगचा. मृत्यू: १४ मे, पहाटे.

त्याच चौदा मेचं पान. सकाळी सहा: ७६, १८, ३६.५, तक्रार नाही. सकाळी दहा, तेच. दुपारी दोन, तेच. संध्याकाळी सहा, तेच. अक्षर मनांग पुरिंगचं.

म्हणजे ७६ हा आकडा कधी कुणाचा मोजलेलाच नाही. तो आधी लिहिला, आणि ज्या बाईपुढे लिहिला ती तेव्हा मेलेली होती.

बाकी सगळे तिच्याप्रमाणे आहेत. वरीलप्रमाणे.

दालनात गेले. तिचे डोळे उघडे होते. पहिल्या दिवशी मी तिचा हात कपाळाला लावला होता.

१८ मे

मनांगपुढे कार्ड ठेवलं. मला वाटलं होतं हसेल. ती हसली नाही. ते उलटं करून ठेवलं आणि बराच वेळ रुमालाने नसलेला घाम पुसावा तसा गळा पुसत बसली.

म्हणाली, छत्तीस तास एकटी होते मी, इंदय. जोडीदारीण आलीच नाही. पान भरून टाकलं आणि डोळा लागला. कोपऱ्यातली म्हातारी, कधी आवाज नाही तिचा. दुपारी कळलं. पुरलं आम्ही तिला, मी स्वतः फुलं नेली. नऊ दिवस प्रार्थना केली. पण ते पान खोडलं नाही, कारण खोडलं असतं तर मी बघितलं नव्हतं हे कळलं असतं. दहाव्या दिवशी सकाळी आले तर ती खाटेवर होती. चादर नीट. मोजलं तर ७६.

मी विचारलं, मॅमना माहीत आहे? म्हणाली, मॅम कागद बघतात. कागदावर काय चूक आहे?

मग माझा हात धरून म्हणाली, आणि बघ ना, कुणाला जखम नाही, कुणी रडत नाही, कुणी मरत नाही. मी काय वाईट केलं? सांग, आहे का कुणाची तक्रार?

तिचा हात गरम होता. तिने खरंच उत्तराची वाट पाहिली.

२० मे

इथे सांगून उपयोग नाही. उद्या इलोइलोला प्रांताच्या कार्यालयात जाते, दुपारच्या होडीने परत येईन. लोला सालुदची आठवी ओळ कोरी ठेवायची, मी आल्यावर भरेन, असं मनांगला दोनदा सांगितलं. तिने छातीवर क्रूस काढून शपथ घेतली. लोलांनी मला थांबवलं नाही. फक्त म्हणाल्या, लवकर ये, ही बाई शपथ छान घेते.

२३ मे

कार्यालयात छापील अर्ज होता. पहिला रकाना: तक्रार करणाऱ्या रुग्णाचं नाव व सही. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, कर्मचाऱ्यासाठी वेगळा अर्ज आहे, त्यावर प्रमुखांची सही लागते. आमच्याच प्रमुखांची. मी लोला सालुदच्या सहीसाठी कोरा अर्ज घेतला.

दुपारी वारा उठला. होड्या बंद. काल दिवसभर बंद. धक्क्यावर बसून समोरचं बेट दिसत होतं, टेकडीसुद्धा.

आज सकाळी पोचले. आधी रजिस्टर उघडलं.

आठवी ओळ. दोन रेघा. काल पण.

मनांग म्हणाली, अगं, कोरं कसं ठेवू, मॅम तपासतात ना पान. तुलाच बोल लागला असता. तुझ्यासाठीच केलं.

लोला सालुद छताकडे बघत होत्या. मी अर्ज दाखवला, पेन हातात दिलं. हात कापत नव्हता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा अजिबात कापत नव्हता. पेन गळून पडलं.

७६.

२५ मे

तीन वेळा मोजलं. ७६, ७६, ७६. माझी ५८.

काय करायचं ते मला दिसतं आहे. खरा आकडा लिहून उपयोग नाही, कारण खरा आकडा आता तोच आहे. त्यांना परत आणायचं तर मला खोटं लिहावं लागेल. मी आजवर न मोजलेला आकडा कुठेही लिहिलेला नाही. परीक्षेतसुद्धा नाही.

सकाळी सहा वाजता, मनांगच्या आधी, आठव्या ओळीत लिहिलं: नाडी ९२, श्वास २२. तक्रार आहे. तहान लागली आहे. खुबा दुखतो. पेज अळणी.

रजिस्टर मिटून जागेवर ठेवलं.

२६ मे

लोला सालुद म्हणाल्या, पाणी.

एकच शब्द. घोट घेतला. डोळे माझ्याकडे वळले. मग खुब्यावर हात नेला. कुशीवर करून पाहिलं: लाली नाही, जखम. खोल. सगळे दिवस एकदम आल्यासारखी. त्या कण्हत होत्या आणि मी इथे लिहायला लाज वाटते की मला आनंद झाला.

नाडी ९२. मी मोजली. खरी आहे.

तीन दिवस. तीन दिवस असंच लिहायचं. मग नेलिया येईल.

२७ मे

सकाळी मनांग यंत्र घेऊन आली.

महिन्याभरात तिने यंत्र हातात घेतलेलं पाहिलं नव्हतं. मॅम तेसिंग मागे उभ्या. मनांग म्हणाली, मॅम, पोरगी वेड्यासारखे आकडे लिहिते, तुम्हीच बघा. रात्री आठवी ओळ तिने दुरुस्त केली होती. माझे आकडे खोडून वर दोन रेघा. आता तिने मॅमसमोर मोजलं. नीट मोजलं, घड्याळ धरून, पूर्ण मिनिट.

७६.

लोलांचा खुबा त्यांनी पाहिला. गुळगुळीत.

मॅमनी विचारलं, चेरिल, पंचवीस तारखेचा ९२ तू मोजला होतास का? मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं, नाही.

त्या ओरडल्या नाहीत. वाईट वाटल्यासारख्या म्हणाल्या, आणि तू पुरिंगवर आरोप करत होतीस. रजिस्टरला हात लावायचा नाही म्हणाल्या. थकली आहेस, दोन दिवस पडून राहा, मग घरी जा. दाखल्याचं बोलू नंतर. दालनाच्या टोकाला जास्तीची खाट टाकून दिली, तिथे वारा येतो म्हणून. पुरिंग बघेल तुझ्याकडे.

मी थांबणार आहे. नेलियाला सांगायचं आहे. फक्त दोन दिवस.

मनांगने पेज आणली. दोन चमचे भरवले. तोंड पुसलं. म्हणाली, राग नाही ना, इंदय? मी वाईट नाही गं.

दुपारी तिच्या मांडीवर रजिस्टर होतं. पान इथून दिसतं. तिने पट्टी घेतली आणि आठव्या ओळीखाली एक नवी ओळ आखली.

२८ मे, सकाळ

नाडी ६४.

उठून तिच्याकडून रजिस्टर घ्यायला गेले. पाय जड. पाचव्या खाटेपर्यंत. तिने हाताला धरून परत आणलं, पडशील म्हणाली —

काय सांगायचं ते पाठ करते आहे. अकरा वाक्यं. तारखा. आकडे. चौदा मे. कार्ड कपाटात, डावीकडून पहिलं रजिस्टर. आईला आज घेऊन जा. आज. हे शेवटचं वाक्य.

२८ मे, दुपार

६९. तहान लागली होती. आता नाही.

ते आठ जण एकदम आत, एकदम बाहेर. मी मुद्दाम वेगळा घेते. आत — ते बाहेर. लक्ष गेलं की —

वाक्यं दहा आठवतात.

२९ मे

नेलिया आली. निळा झगा, अत्तर, चॉकलेटचे डबे. आईजवळ बसली, आईचा हात कपाळाला लावला, मग बराच वेळ तो हात धरून बघत राहिली. तिला काहीतरी जाणवलं. मला दिसलं तिला जाणवलं ते.

ती उठून माझ्याकडे आली. वाकली. हळू विचारलं, तू सांभाळायचीस ना माझ्या आईला? कुणी नाहीये आता, खरं सांग. तिला इथे काही त्रास आहे?

सगळं होतं. अकराही वाक्यं होती. पहिलं वाक्य चौदा मे. तोंड उघडलं.

मी म्हटलं, तक्रार नाही.

आवाज माझाच —

ती रडली. देवाचे आभार मानले तिने. म्हणाली, मला उगाच वाटलं. चॉकलेटचा डबा माझ्या छातीवर ठेवून गेली. डबा वर होतो, खाली होतो. अठरा.

होडीचा आवाज आला. गेला.

दुपार

लोला सालुद शब्द दिला होता मी

हात अजून चालतो. लिहिते तोवर मी वेगळी आहे. नाडी मोजते, डाव्या हाताने मानेवर, घड्याळ समोर, पूर्ण मिनिट. येईल तोच आकडा लिहीन. खोटा पुन्हा नाही. अडतीस. एकोणचाळीस. वीस सेकंद बाकी. बावन्न — त्रेपन्न — मनांग आली आहे, उशाशी बसली, वहीकडे बघून हसते, म्हणते किती लिहितेस गं, हात दुखत असेल, दे इकडे, मी लिहिते, तू कशाला